अण्णांचं डोकं

४ फेब्रुवारी

अण्णांनी आज पिवळं कापड कापलं. गिऱ्हाईक बाईंनी निळं सांगितलं होतं – माझ्यासमोर. अख्ख्या सोफ्याचं कापड वाया. मी तुकडे उचलून ठेवले. त्यांना कोणत्या तोंडाने रागावणार? लग्न होऊन आले तेव्हा मला साधा खिळा धरता येत नव्हता. सोफे बांधायला, गाद्या शिवायला याच सासऱ्यांनी शिवणाच्या टेबलाशी उभं करून शिकवलं. आज कारखाना मी चालवते तो त्यांच्याच जिवावर.

हे म्हणाले, "वय झालंय बाबांचं. आता त्यांना कापायला देऊ नकोस."

मग द्यायचं काय?

९ फेब्रुवारी

जेवायला चार हाका मारल्या. आले नाहीत. नंतर फुगून बसले – "मला या घरात कोणी विचारत नाही." आणि मी ताट घेऊन समोर उभी!

१५ फेब्रुवारी

बागेतल्या मित्रांकडे जाणं त्यांनी बंदच केलंय. आज जवळ बसून विचारलं. म्हणाले, "ते हसतात. कशाला हसतात ते कळत नाही. म्हणून मीही हसतो. कंटाळा आला गं खोटं हसायचा."

दिवसभर खुर्चीत बसून असतात. लेंगा कंबरेवर ठरत नाही, पाय काड्यांसारखे झालेत.

२० फेब्रुवारी

पडले. कारखान्याच्या पायरीवर. हाड शाबूत आहे, पण धीर मोडलाय. आता भिंत धरल्याशिवाय उठत नाहीत.

२६ फेब्रुवारी

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, तिघंही. डॉक्टरांना सर्दी, तोंडावर मास्क. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" अण्णा म्हणाले, "दार बंदच आहे." यांनी मान खाली घातली. मी पदर डोळ्यांना लावला.

पुढचीही उत्तरं तशीच. मग डॉक्टरांनी पाणी प्यायला मास्क खाली केला आणि सहज विचारलं, "धंदा कोणता तुमचा?" अण्णा सुरूच झाले. लाकूड कोणतं, स्प्रिंग कशी ताणायची, वेत का घेऊ नये – सगळं जिथल्या तिथे. डॉक्टर थबकले. उठून अण्णांच्या मागे गेले, तोच प्रश्न पुन्हा विचारला. अण्णा ढिम्म. समोर येऊन विचारला. लगेच उत्तर.

"डोक्याचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाले. "आधी कान."

मग आम्हाला समजावून सांगितलं. ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत जात नाही. जात नाही म्हणून चालणं सुटतं, बोलणं सुटतं. पाय खचतात, मन खचतं, डोकं मंदावतं. "थोडा विसरभोळेपणा आहे. नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांचं अर्धं डोकं दुसऱ्याचं बोलणं ओठांवरून ओळखण्यातच शिणतंय. लक्षात ठेवायला उरणार काय?"

परतताना यांनी बाबांचा हात धरला. किती दिवसांनी!

१२ मार्च

कानात यंत्र बसवलं. अण्णांचं पहिलं वाक्य – "तुम्ही सगळे एवढं ओरडता कशाला?"

आम्हाला सवयच झाली होती. तासाभरात त्यांनी ते काढून ठेवलं. नळ, भांडी, माझं शिवणाचं मशीन – डोकं भणभणतं म्हणाले. रोज थोडं थोडं घालायचं ठरलंय.

१६ मार्च

आज यंत्रावरून भांडण. "नको मला ते!" म्हणून उशीखाली लपवलं. मीही हट्टाला पेटले. शेवटी दोघंही हसलो.

२९ मार्च

काठी घेऊन बागेत गेले. मी लांबून मागे मागे. मित्रांनी बाकावर जागा केली.

घरी आले ते हसतच. "आमच्यातल्या त्या पोस्टमनचे विनोद अगदीच टुकार आहेत. उगाच हसत होतो इतके दिवस."

१८ एप्रिल

पुन्हा तपासणी. लक्षात ठेवायच्या शब्दांपैकी एक निसटला, बाकीचे सांगितले. डॉक्टर खूश. चालणं सोडू नका, माणसं सोडू नका, म्हणाले. अण्णांनी त्यांच्या खुर्चीचा हात हलवून पाहिला – "ही डुगडुगते. पाठवून द्या, करून देतो."

६ मे

सकाळी अण्णांनी मशीन थांबवायला लावलं. "सूनबाई, श्वास घेताना तुझ्या छातीत शिट्टी वाजते. कधीपासून?"

मला कधी जाणवलं नव्हतं. यांनाही नाही.

दुपारी तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. कापसाची धूळ फुफ्फुसात बसलीय. वेळेत आलात, तिथले डॉक्टर म्हणाले. काही महिने कारखान्यात पाऊल टाकायचं नाही.

मी रडायला लागले. अण्णांनी पाठीवरून हात फिरवला. "कारखाना मी बघतो, पोरी. तू नुसता श्वास घे."