धर्मपालची गाडी चालते

३ मे २०२५

पुन्हा बंद पडली! बडनेऱ्याच्या पुलावर, ऐन चढावर, मागे ट्रकांची रांग. दुसऱ्या गिअरला हिसका, समोर लाल दिवा, आणि गाडी गप्प. नवी कोरी, वीस दिवसांची! एक ट्रकवाला उतरला — "काका, ढकलू का?" मी मान हलवली. काल याच अमरावतीत हजार माणसांसमोर दीड तास बोललो होतो.

६ मे

अकोल्याला शोरूममध्ये. शंभर किलोमीटर जाणं, शंभर येणं. पियुष नावाचा मॅनेजर, तिशीच्या आतला, बोलणं तुपात तळलेलं. कॉम्प्युटर जोडला, पडद्याकडे पाहिलं. यात काहीच दाखवत नाही म्हणाला. मग हळूच — "धर्मपाल सरांनी हेच मॉडेल नेलं, तुमच्यानंतर चार दिवसांनी. एक तक्रार नाही. चालवणाऱ्या हाताचाही फरक असते, सर."

धर्मपाल! बारा वर्षांपूर्वी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या सभेत मीच त्याला पहिल्यांदा माइकसमोर उभा केला. आता पत्रिकेवर त्याचं नाव माझ्या वर असतं. आता गाडीही त्याचीच चालते.

दुरुस्तीच्या जॉबकार्डावर "ग्राहकाचे समाधान झाले" हे आधीच छापलेलं. सही केली.

७ मे

पौर्णिमा म्हणते, ग्राहक मंचात जा. "दुनियेले हक्क शिकवता, अन् सोताच्या हक्काले काहून भेता?" बायकोलाही सांगितलेलं नाही ते इथे लिहितो.

मला गाडी १४ एप्रिललाच हवी होती. जयंतीच्या मिरवणुकीत. अमरावतीत आठ दिवस थांबा म्हणाले, म्हणून अकोल्यात नोंदवली. तिथेही पियुष म्हणाला, तपासणी बाकी आहे, अठराला न्या. शेजारच्या खुर्चीवर धर्मपाल, त्याचीही तीच गाडी. तो शांतपणे म्हणाला, "चालते, अठराले नेतो." एवढ्यानेच माझं डोकं फिरलं. त्याच्या आधी न्यायची! कागद मागितला आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं — तपासणी नको, गाडी आजच ताब्यात द्यावी.

तीस वर्षं मुहूर्त पाहणाऱ्यांची व्यासपीठावरून टर उडवली. माझाही एक मुहूर्तच निघाला.

मंचात गेलो तर तो कागद बाहेर येणार. लोक हसले तर हसू देत. पण धर्मपाल वाचणार.

२१ मे

तिसरी फेरी. "पार्ट कंपनीतून यायचा आहे." कोणता पार्ट? ते कोणालाच ठाऊक नाही.

९ जून

अकोल्यात सभा. धर्मपाल शेवटी बोलला, म्हणजे मानाच्या जागी. मुद्दे माझे, दाखले माझे, विराम घेण्याची पद्धतसुद्धा माझी. टाळ्या त्याच्या. एक बाई डोळे पुसत होत्या. माझ्या भाषणाला त्या पदराने वारा घेत होत्या.

बाहेर त्याने विचारलं, "गाडी काय म्हणते, सर?"

"पाण्यासारखी चालते. तुझी?"

"एकदम मस्त."

मग दोघेही आपापल्या गाडीजवळ उभे. तो गेल्यावर माझी सुरू करावी, असा बेत. तो निघेना. उन्हाळ्यावर बोललो, शिक्षक भरतीवर बोललो. शेवटी मीच चहाचं निमित्त काढून निघालो. परत आलो तर तो गेलेला. माझी चार प्रयत्नांनंतर सुरू झाली.

२२ जून

त्याच्या गाडीला अपघात नको. एखादं पंक्चर झालं तर? — छे! काय लिहितोय मी!

६ जुलै

धारणीला आदिवासी विद्यार्थ्यांपुढे बोलायचं होतं. आयोजक देवमनजी दोन महिन्यांपासून मागे लागले होते. घाट ही गाडी चढणार नाही. एसटीने जाता आलं असतं. पण "नवी गाडी असून एसटीनं काहून आले?" हे कोणी विचारू नये म्हणून तब्येतीचं कारण दिलं. त्यांनी धर्मपालला बोलावलं.

संध्याकाळी देवमनजींचा फोन. भाषण झकास झालं. "अन् सर, पोरगं एसटीनं आलं! घरी नवी गाडी असून! असा साधा मानूस मी नाही पायला."

साधा! नाटक आहे सगळं. गाडी असून एसटीने जायचं, म्हणजे माणसं हेच बोलणार. हे मला का सुचलं नाही?

७ जुलै

त्या मुलांपैकी कोणी माझं ऐकायला थांबलं असेल का? हा प्रश्न काल पडायला हवा होता. आज पडला.

१८ जुलै

शोरूममध्ये आज सोडलं नाही. खुर्चीवरून उठलो आणि बोललो, कायदा, नफेखोरी, माणसाची प्रतिष्ठा. चाळीस मिनिटं! मेकॅनिक काम टाकून ऐकायला आले. शेवटी टाळ्या पडल्या. पियुषनेही वाजवल्या. मग मला आत केबिनमध्ये नेलं, खण उघडला, माझा कागद टेबलावर ठेवला.

"हे अक्षर आपलंच ना, सर?"

पाणी दिलं त्याने. मी प्यायलो.

निघताना दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, धर्मपाल सरांनी चार दिवस धीर धरला, बघा त्यांना त्रास नाही.

हा माणूस बरोबर कुठे बोट ठेवायचं ते जाणतो. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरजवळ गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा मी शिव्या धर्मपालला दिल्या.

२ ऑगस्ट

न कळवता अकोल्याला गेलो. वर्कशॉपमध्ये माझ्यासारखीच एक गाडी, बॉनेट वर. बाकावर धर्मपाल, हातात सहा जॉबकार्डं. मला पाहून उठला, जयभीम केला आणि खाली बघू लागला.

"सर, तुमाले सांगाची लाज वाटे. मले तर हे शोरूमवाले म्हनतात, 'मोठ्या सरांची गाडी बिनतक्रार चालते. तुमालेच चालवता येत नाही.'"

तपासून घेतलेली गाडी! आणि तोच हिसका, तोच लाल दिवा.

समोरच्या टपरीवर बसून दोघांनी मंचासाठी एकच अर्ज लिहिला. माझ्या कागदाचंही त्यात लिहिलं, त्याच्यासमोर. पहिलं नाव त्याचं टाकलं. टाकताना पोटात दुखलंच.