आत्याची दोन पानं

प्रिय अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, तेराव्याला सगळ्यांना वाढलं, पण तुम्हाला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. आज राग आलाय म्हणून लिहिते आहे. दादाने माझ्या कथेतली दोन पानं लाल पेनाने खोडली आणि वर म्हणाला, "अण्णा असते तर त्यांनीही हेच केलं असतं." म्हटलं, मग तुम्हालाच विचारते!

कथा आत्याची आहे, तुमच्या धाकट्या बहिणीची. ओसरीवर तुमचे विद्यार्थी वेद म्हणायला लागले, की ती स्वयंपाकघरात खलबत्ता घेऊन धाडधाड कुटायला बसायची. आठवतं ना? आम्ही पोरं हसायचो. पहिल्या खर्ड्यात मीही तिला तशीच लिहिली, तिरसट आणि विनोदी. ब्रह्मा घाटाच्या गल्लीतल्या माझ्या मैत्रिणी वाचून पोट धरून हसल्या.

पण कथा पुढे सरकेना. ही बाई नेमकी त्याच वेळी का कुटते? मलाच ठाऊक नव्हतं! तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही पंचगंगा घाटावर गंगास्नान करून आला होतात. ओलं धोतर पिळता पिळता म्हणालात, "पात्राचा भूतकाळ कशाला उकरायचा? पुढचं लिही." किती सहज म्हणालात!

मग तुम्ही गेलात. या हिवाळ्यात मटार सोलायला बसलो असताना मी आत्यालाच विचारलं.

"अगं, अण्णाकडून पाठात गलती झाली," ती म्हणाली. "बाहेर पाहुणे बसलेले. मी आतून बरोबर म्हणून दाखवलं. अकरा वर्षांची होते, ऐकून ऐकून सगळं याद झालेलं. बाबांनी विचारलं, कोण बोललं? अण्णा म्हणाला, कुणी नाही. पण बाबांना काय कळायचं राहतंय? दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हुकूम, पाठ चालू असेपर्यंत कुटत बस, कानावर अक्षर पडता कामा नये. मग आदतच पडली."

अण्णा, ती शिक्षा होती! आजोबा गेले, पाठशाळा तुमच्याकडे आली. एका शब्दाने तुम्ही तो खलबत्ता थांबवू शकला असतात. का नाही थांबवलात? ती पुन्हा चूक काढेल अशी भीती वाटली? आणि मी त्या शिक्षेवर हसले, गल्लीला हसवलं. त्याची मला लाज वाटते.

हा भूतकाळ कथेत कुठे ठेवायचा, यावर महिनाभर डोकं फोडलं. सुरुवातीला ठेवला, तर आत्या नुसती बिचारी वाटायची. शेवटी ठेवला, तर वाचकाला फसवल्यासारखं व्हायचं. कामी आला तो तुमचाच, वेद म्हणायचा घनपाठ. दोन शब्द पुढे, तेच उलटे मागे, मग तिसरा घेऊन पुन्हा पुढे. तुम्ही मुलांना बजावायचात, "मागे आल्याशिवाय पुढचा शब्द मिळत नाही." मग हा नियम घरात का नव्हता हो? आता आत्या कुटायला बसली, की दरवेळी कथा एक पाऊल मागे जाते आणि त्या चुकलेल्या पाठाच्या दिवसापर्यंत पोचते. दादाने खोडलेली दोन पानं त्याच दिवसाची.

दादा म्हणतो, "घर की बात घरात राहू दे. निदान नाव तरी बदल." मी आत्याला विचारलं.

"नाव बदलू नको," ती म्हणाली. "तेव्हाही मी घरात होतेच ना?"

तेव्हा अण्णा, ती दोन पानं आज जशीच्या तशी संपादकांकडे गेली. दादा चिडून बसलाय. बसू दे! तुम्हीही त्या पानांत आहात. बापाच्या भीतीने 'कुणी नाही' म्हणणारा तेरा वर्षांचा मुलगाही मी लिहिलाय. त्याला माफ केलेलं नाही, पण लिहिताना त्याच्याबद्दल फार माया वाटली.

आता एक वचन देते. तुमच्या वर्षश्राद्धाला सगळे विद्यार्थी जमतील, तेव्हा ओसरीवर बसून मी ही कथा मोठ्याने वाचीन. पाठातली तुमची चुकलेली ती ओळ आली, की थांबेन. ती ओळ आत्या म्हणेल. सगळ्यांसमोर.

तुमचं न ऐकणारी,
सुमी