विशाखाची बदली आणि समुद्र

विशाखाचे पप्पा,

सप्रेम जयभीम.

काल मी कोकणातून मुखेडला परत आले. एकटीच आले. तुम्ही असता तर मी गाडीतून उतरल्याबरोबर तुम्ही माझ्या मागं बघितलं असतं आणि विचारलं असतं, "पोरगी कुठंय?" ते विचारणारं स्टँडवर कुणी नव्हतं, म्हणून घरापर्यंतचा रस्ता लांब वाटला. आज शाळा सुटली की विशूचा फोन येणार आहे, आणि मला तिला येऊ का राहू, याचं उत्तर द्यायचं आहे. त्याआधी तुमच्याशी बोलून घेते.

अहो, तिची बदली झाली! नांदेड जिल्हा मिळाला, नायगाव तालुक्यातली शाळा. या बदलीसाठी तुम्ही एसटीची ड्युटी संपवून खाकी कपड्यातच नांदेडच्या ऑफिसात जाऊन बसायचात. दवाखान्यात तोंडावर मास्क असतानासुद्धा नर्सला विचारायचात, "बदल्यांची यादी लागली का?" तिला वाटायचं, हा पेशंट तिच्याच बदलीची चौकशी करून राहिलाय. शेवटी माझा हात धरून म्हणालात, "कांता, पोरीला घरी आण." आणि यादी लागली तेव्हा तुम्ही नव्हता. थोडं थांबायला काय झालं होतं हो?

विशूनं मला ही बातमी दिली तेव्हा तिच्या आवाजात आनंद कमी होता. म्हणाली, "आई, एकदा इकडं येऊन बघ. मग तू म्हणशील तसं." मला हसू आलं. यात बघायचं काय? तिचं सामान बांधायला रिकामी पोती आणि सुतळी घेऊन मी निघाले.

आणि मी समुद्र बघितला.

कसं सांगू तुम्हाला! विष्णुपुरीचं धरण भरलेलं दाखवायला तुम्ही मला नेलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं, याच्यापुढं पाणी नाही. पण ते अडवलेलं पाणी होतं, त्याला पलीकडं काठ होता. इथं मी किती तरी वेळ काठच शोधत राहिले. डोळे थकले, काठ सापडला नाही. आणि ते पाणी एक क्षणभरही गप्प बसत नाही, कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसं वर-खाली होत राहतं. माझे हात आपोआप जोडले गेले. विशू हसून म्हणाली, "आई, हा काय देव आहे का?"

मी म्हटलं, "नसू दे देव. एवढ्या मोठ्याला जयभीम तर करावा माणसानं!"

मग तिनं शाळा दाखवली. दोन खोल्या आणि व्हरांडा. मागं मैदान होतं, असं ती सांगत होती. मी विचारलं, कुठंय? तिनं पाण्याकडं बोट केलं. खो-खोचे दोन्ही खांब समुद्रात उभे आहेत हो! भरती आली की एकाचं नुसतं टोक दिसतं, त्याच्यावर पक्षी बसतो. पोरं त्याच्याकडं बघत पाढे म्हणतात.

तिथं सरूआजी म्हणून एक म्हातारी आहे, मासळी विकते. तिनं मला वाळूत उभं करून नांगरलेल्या होडीकडं बोट दाखवलं. "ती होडी हाय ना, तिच्या पल्याड माजं न्हाणीघर होतं." अंगणातली तुळस दाखवावी इतक्या सहज ती बोलली.

कुणी म्हणतं वाळू उपसली म्हणून जमीन गेली. कुणी म्हणतं पलीकडं धक्का बांधला म्हणून पाणी इकडं वळलं. कुणी म्हणतं समुद्रच वाढतोय. विशू म्हणते, "आई, सगळंच खरं आहे. वरून समुद्र वाढतोय आणि खालून आपण त्याला वाट करून देतोय."

एक गंमत सांगते. विहिरी खारट झाल्यामुळं त्या गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो. समोर एवढं पाणी आणि बायका घागरी घेऊन रांगेत! टँकर बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. मीही कळशी घेऊन उभी राहिले. सरूआजी म्हणाली, "घाटावरची दिसतेस. टँकर बगून हसनारी पयल्यांदाच बगितली."

तुम्हाला आठवतं? पेपरात मी वाचलं होतं की पाणी तापलं की फुगतं, आणि धुरानं जग तापतंय म्हणून समुद्र वर चढून राहिलाय. मला खरं वाटेना. मी पातेलं अगदी काठोकाठ भरून गॅसवर ठेवलं. उकळी फुटायच्या आधीच पाणी काठावरून ओघळलं. मी तुम्हाला ओरडून बोलावलं, "अहो, बघा, समुद्र चढला!"

तुम्ही जेवण सोडून आलात, ओटा बघितला आणि म्हणालात, "लई शानी झालीस. पुसून घे आता समुद्र."

तेव्हापासून आपला वाद सुरू झाला. रोज रात्री भाकरीबरोबर वाद. तुम्ही म्हणायचात, "मह्या एका गाडीच्या धुरानं काय होतंय? मह्या गाडीत पन्नास माणसं बसतात. ते पन्नास जण मोटरसायकलवर निघाले तर किती धूर?" ते तुमचं बरोबर होतं, मी तेव्हाच कबूल करायला पाहिजे होतं. पण मग तुम्ही पुढं जायचात. "अन् देशानं काहून थांबायचं? मोठ्या देशांनी शंभर वर्षं कोळसा जाळला, बंगले बांधले. आधी त्यांनी थांबावं. मग आपलं बघू."

मी म्हणायचे, तोपर्यंत समुद्र थांबेल का? तुम्ही म्हणायचात, "दिमाग नको खाऊ, भाकर वाढ."

मी तिथं असतानाच शाळेच्या व्हरांड्यात गावाची सभा भरली. अर्ध्या लोकांना दगडी बंधारा पाहिजे, अर्ध्यांना शाळा उचलून डोंगराच्या उतारावर न्यायची आहे. सरूआजीच्या पुतण्यानं तिथं जागा द्यायची कबूल केलीय. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, बंधाऱ्याचा प्रस्ताव वर गेलाय, वरून आलं की बघू. तेवढ्यात एक रिटायर गृहस्थ उठले. म्हणाले, "वरचे तरी काय करणार? धूर सोडला मोठ्या देशांनी. आधी त्यांनी थांबावं. मग आपलं बघू."

मी दचकून मागं वळून बघितलं. खरंच सांगते, मला वाटलं तुम्हीच येऊन बसलात!

सरूआजी बसल्या जागेवरून ओरडली, "तुजं घर वरच्या आळीत हाय मेल्या, तुला कसली घाई! तुमचं आदी कोन ते ठरेस्तवर मी चूल कुटं मांडू?" सगळे हसले. ते गृहस्थही हसले.

मग कुणीतरी म्हणालं, घाटावरच्या बाईंना बोलू द्या. मी उभी राहिले. म्हटलं, आमच्याकडं समुद्र नाही, तरी त्याचं दुखणं आमच्यापर्यंत येतं. पेपरात लिहितात, समुद्र तापला की आभाळात पाणी जास्त चढतं. आमच्याकडं आधी महिना महिना थेंब नसतो, मग एका रात्रीत शेताचं तळं होतं. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेले मी हातात घेऊन बघितलेत. माझे मालक एसटीचे ड्रायव्हर होते. तेही यांच्यासारखंच म्हणायचे, आधी त्यांनी थांबावं. त्यात खोटं काही नाही. ज्यांनी जास्त जाळलं त्यांनीच आधी थांबायला पाहिजे. पण अरुंद पुलावर समोरून ट्रक आला आणि ट्रकवाला हटेना, तर हेच माझे मालक काय करायचे? गाडी रिव्हर्स घ्यायचे. चूक ट्रकवाल्याची असली तरी. म्हणायचे, "मह्या गाडीत माणसं हायत, मला वाद परवडत न्हाई." देशाच्या गाडीत किती माणसं आहेत, ते तुम्हीच बघा.

ते गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमचे मालक शहाणे."

मी म्हटलं, "पुलावर शहाणे होते. घरी तुमच्यासारखेच!"

लोक पोट धरून हसले. माझीही छाती फुगली. आणि मग सरूआजीनं साधेपणानं विचारलं, "आनि बाय, तुजी लेक तर चालली ना?"

मी पदर सावरत खाली बसले.

कारण विशू गेली की तिथं एकच शिक्षक उरतो, आणि तोही बदलीच्या यादीत आहे. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, मास्तर नसले की ही शाळा खाडीपलीकडच्या शाळेला जोडू. मग पोरं होडीनं जातील, नाहीतर जाणार नाहीत. डोंगरावर शाळा कुणासाठी बांधायची मग? आणि मी त्या लोकांना रिव्हर्स घ्यायला शिकवत होते, तेव्हा माझी रिकामी पोती विशूच्या खोलीत घडी घालून ठेवलेली होती. माझ्याही मनात तेच होतं की नाही? दुसऱ्या कुणाची पोरगी राहील, माझी आधी येऊ दे. मग आपलं बघू.

गाडीत बसवताना विशू म्हणाली, "आई, इथं समुद्र बघून उत्तर देऊ नको. मुखेडला जा, घरात बस, मग सांग." तुमचीच लेक आहे. घाईत काही करत नाही.

म्हणून मी घरात बसून बघितलं. आज बाजार होता. शेजारच्या शांताबाई विचारून गेल्या, "विशू कधी येऊन राहिली? पुरण करू." विशूची खोली मी जायच्या आधीच झाडून, चादर बदलून ठेवली होती. संध्याकाळी तिच्या बसचा आवाज ओळखायचा, तिला गरम भाकर वाढायची, एवढंच मला पाहिजे होतं. अजूनही पाहिजे आहे. या घरात आवाज नाही हो, तुम्हाला काय माहीत!

पण घराचं एवढं सगळं ऐकून घेतल्यावरही तिथं मनात आलेलं माझं उत्तर बदललं नाही. मी बदलायची वाट बघितली, खोटं नाही सांगत.

पोरीला घरी आण म्हणून तुम्ही सांगून गेलात. तुमचा शब्द मी मोडणार आहे. रागवायचं असेल तर रागवा. डोंगरावरच्या शाळेत पोरं बसेपर्यंत ती तिथंच राहील. पुन्हा तिचा नंबर कधी लागेल, सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. पण ती एकटी राहणार नाही. पावसाळ्याआधी मी कपडे भरून तिच्याकडं राहायला जाते. मुखेडच्या घराची किल्ली शांताबाईंकडं ठेवीन.

आणि तुम्हाला शब्द देते, तिला "राहा" म्हणताना माझा आवाज हलणार नाही. फोन ठेवल्यावर जे व्हायचं ते होईल. ते मी तुमच्या फोटोजवळ बसून होऊ देईन.

तुमची,
कांता
मुखेड