मला पटणारा डॉक्टर

६ जानेवारी १९९१, रविवार. दुपार.
वांग्याच्या भरतात मीठ कमी होतं. ताट अंगणात गेलं. गेलं म्हणजे माझ्याच हातून, पण चूक मिठाची. हिनं पिशवी भरली आणि पारोळ्याला माहेरी निघून गेली. बरंच झालं! घर कसं शांत. संकल्प: आठ दिवस पत्र टाकायचं नाही.

७ जानेवारी.
पत्र टाकलं. चार पानी. चूक कुणाची ते मुद्देसूद मांडलं. शेवटी मोठ्या मनानं तिला माफ केलं.

११ जानेवारी.
उत्तर सासऱ्यांचं. जीवराम आबांचं कार्ड, दोन ओळी. जावईबापूंनी आधी डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं, मग पोरगी धाडू. मला? पाटबंधाऱ्यात बारा वर्षं सर्व्हिस, मेमो फक्त तीन! ठीक आहे. आठवड्यात सर्टिफिकेट आणून तोंडावर फेकतो. डॉक्टर फक्त स्वस्त हवा आणि मला पटणारा हवा.

१२ जानेवारी, शनिवार.
धुळ्यातही आहे एक. पण तिथं दिसलो की सोमवारी ऑफिसभर बोंब. धुळ्याचा माणूस जळगावला दाखवतो, जळगावचा धुळ्याला. रीतच आहे. सकाळची एस.टी. धरली. वाटेत पारोळा लागलं, मान वळवून बसलो. जळगावचा डॉक्टर साठ रुपये, सात मिनिटं. माझी प्रस्तावनाच चालू होती तर गोळ्या लिहून मोकळा. पटला नाही. बाहेर बाकावर आमचे हेडक्लार्क रुपचंदभाऊ. दोघांनीही एकमेकांना सांगितलं, पेशंटला भेटायला आलोय.

२० जानेवारी, रविवार.
शिंदखेड्याचे हिलाल नाना, रिटायर मास्तर, लोकांची दुःखं फुकट ऐकतात असं कळलं. गेलो. त्यांनी स्वतःचंच सुरू केलं. सुनेचं, मोतीबिंदूचं, पेन्शनचं. तीन तास! शेवटी मीच त्यांना धीर दिला. काही माणसं समोरच्याला बोलूच देत नाहीत.

९ फेब्रुवारी, शनिवार.
सापडल्या! जळगावात एका ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई बसतात. केसपेपर दहा रुपये, घड्याळाकडे बघत नाहीत. पाऊण तास बोललो. मीठ, मेमो, सासरे. अगदी माझ्या मनासारख्या बाई. शेवटी एवढंच विचारलं, मिसेसचं काय म्हणणं आहे? म्हटलं, तिचं काही म्हणणं नसतं. बाई म्हणाल्या, एरवी काय बोलतात? आठवून बघितलं. नऊ वर्षांच्या संसारातलं हिचं एक वाक्य आठवेना. परतताना पारोळ्याच्या स्टँडवर खाली उतरलो, गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो. भज्यांसाठी असणार.

२३ फेब्रुवारी, शनिवार.
दवाखान्यात लवकर पोचलो. बाकावर जीवराम आबा! म्हटलं, आबा, तब्येत? म्हणाले, मी बरा आहे, लता आत आहे. महिना झाला, दर शनिवारी घेऊन येतो. आधी नुसती रडायची. पोर आते बठ्ठं बोलस, सगळं.
दाराआडून आवाज येत होता. शब्द नाही कळले. पण ही बोलत होती, थांबतच नव्हती. मधेच हसली. खळखळून. मला हिचं हसणं माहीतच नव्हतं. आबांच्या देखत रडू आलं. धुळीचं निमित्त केलं.
बाहेर आली, मला बघून थबकली. म्हटलं, बघ, मीही याच बाईंकडे येतो. म्हणजे आपलं शेवटी एका तरी गोष्टीत पटलं! चल आता घरी.
म्हणाली, या बाई माझ्या आहेत. एवढी एक जागा मिळालीय मला. तुम्ही दुसरं कुणी तरी बघा.
नेहमीप्रमाणे मुद्दे तयार होते. चार तरी होते. एकही मांडला नाही. बरं म्हटलं आणि कंपाउंडरला माझा नंबर काढून टाकायला सांगितलं.
सोमवारी धुळ्याच्या डॉक्टरकडे जाणार. ऑफिसला जातानाच, भर रस्त्यानं. तो पटला नाही तरी चालेल.