तफावत शून्य

३ मार्च, सोमवार

सोबत आणलेल्यांपैकी माझ्या हातच्या वस्तू: लिहायचं टेबल (एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले), तीन पायांचं स्टूल, एक रेडिओ, ही वही शिवणीसकट, आणि सर्व्हर सुरक्षित करायचा माझा साचा, तीनशे अठरा नियमांचा. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे येतं ते उघडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून आलेलं आहे.

जागा छान आहे. जुनी कागदपत्रं जतन करणारी संस्था. तळमजल्यावर बारा सर्व्हर, वर मला राहायला दोन खोल्या. दारं कार्डाने उघडतात, खोल्याखोल्यांत सेन्सर. त्यांचा कारभारही सर्व्हरवरच. संचालिका मॅडम कमी बोलतात. ती कसर केबलचं काम बघणारा वायरबुवा भरून काढतो. टेबल वर चढवताना धापा टाकत म्हणाला, साहेब, टेबल आणलंय की अख्खं झाड?

४ मार्च, मंगळवार

नवा सर्व्हर येतो तोच सताड उघडा. नको त्या सेवा चालू, मालकाचा पत्ता नसलेली खाती जिवंत. त्यावर लोक तयार साचा चढवतात आणि झोपी जातात. तयार साचा म्हणजे तयार शर्ट. सगळ्यांना होतो, नीट कुणालाच बसत नाही.

माझ्या साच्याचं तत्त्व एका ओळीचं: यादीत नाही, ते बंद. दुपारी बरोबर चार वाजता, वरच्या खोलीत टेबलाशी बसून, सगळ्या इमारतीची मूळ प्रत घेतली, दारं-सेन्सर धरून. आता रोज चारला साचा आजची स्थिती मूळ प्रतीशी ताडेल, तफावत दिसली की स्वतःच दुरुस्त करेल आणि अहवाल देईल. रीत अशी की पहिले पंधरा दिवस फक्त अहवाल घ्यावा, दुरुस्ती करू देऊ नये. ती रीत स्वतःवर भरवसा नसलेल्यांसाठी. मी पहिल्या दिवसापासून दुरुस्ती चालू ठेवली. माझ्या किल्लीशिवाय साचा कुणाला काढता येणार नाही, हे करारातही लिहून घेतलं.

बायकोला पत्र टाकलं, की ये.

५ मार्च, बुधवार

माझ्या नावाचं खातं उघडलं, साच्याची किल्ली त्याला जोडली. काम सुरू.

९ मार्च, रविवार

ही आली. आल्या आल्या स्टूल खिडकीपाशी सरकवलं, भिंतीत खिळा ठोकला, निळा पडदा लावला. मी नाक मुरडलं तर म्हणाली, तुमचे नियम खाली मशीनला लावा, माझ्या खिडकीला नको. वायरबुवाने तिची बाजू घेतली. वहिनी आल्या म्हणून या खोलीला खोलीची कळा आली, म्हणे.

११ मार्च, मंगळवार

पडदा दिसत नाही. स्टूल जुन्या जागी. हिने मलाच धरलं. बावीस वर्षं ओळखते तुम्हाला, म्हणाली. मी खिळ्याची जागा बोटाने चाचपली. भोक नाही. पोपडासुद्धा नाही.

अहवालात तीन ओळी. दोन सर्व्हरच्या, बरोबर. तिसरी: वरचा मजला, पूर्व खिडकी. अनोळखी वस्तू. काढली.

वस्तू काढायचा नियम माझ्या साच्यात नाही. तीनशे अठराही पुन्हा वाचले. नाही.

१३ मार्च, गुरुवार

सोमवारी पेचकसाने अंगठा चांगला कापला होता. आज वण नाही.

अहवाल: खोली दोन. माणसं अपेक्षित एक. आढळली दोन.

वायरबुवाचा चावटपणा म्हणून त्याला झापलं. तो आईची शपथ घेऊन म्हणाला, साहेब, मला त्या मशीनवर नुसतं लॉगिन करायचं म्हटलं तरी घाम फुटतो. खरं बोलत होता.

हिचं कार्ड दाराला चालेना. तीनदा नवं करून दिलं.

१५ मार्च, शनिवार

मॅडमनी बोलावलं. त्यांनी हलवलेलं कपाट रोज चारनंतर मागे जातं. घाबरलेल्या दिसल्या. काही बोलणं झालं, इथे लिहिण्यासारखं नाही. उठून आलो.

हिने विचारलं, कशाला बोलावलं होतं. काही नाही म्हटलं.

१६ मार्च, रविवार

हिची चप्पल नाही. कंगवा नाही. सकाळी जिन्यात वायरबुवा तिच्याकडे न बघता निघून गेला. हिने हाक मारली तरी. मला म्हणाली, अहो, मला कुणी विचारतच नाही. हसत म्हणाली, पण माझी बाही सोडेना.

तिच्यासाठी बाहेरचं दार आता उघडतच नाही. तिचं कार्ड लावलं तरी, माझं लावून तिला सोबत घेतलं तरी. बाहेर न्यायला आतून धडका दिल्या, खांदा सुजला. चारनंतर दार कोरं करकरीत. खांदाही.

उद्या साचा काढतो. काढतोच.

१७ मार्च, सोमवार

किल्ली चालत नाही.

हे खाते मूळ प्रतीत नाही, असं येतं. माझं खातं. मी पाच तारखेला उघडलं. प्रत चार तारखेची. शिकाऊ पोरगाही ही चूक करत नाही— आधी स्वतःला आत घे, मग दार लाव. आणि मी—

काल सर्व्हरची वीजही तोडून पाहिली होती. चारला परत चालू. वायर जोडलेली.

तीन चाळीस. ही शेजारी बसली आहे. तिचा हात धरून ठेवला आहे. ती म्हणते, एवढा घट्ट नको, दुखतंय. सोडणार ना—

१८ मार्च

माझ्या हातात हात नव्हता.

अहवाल: खोली दोन. अपेक्षित एक. आढळला एक. तफावत शून्य.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, ताई तर तुमच्याकडे आहे ना?

१९ मार्च

सकाळी टेबलाशी बसून हिला पत्र लिहीत होतो. जागा छान आहे, ये. अर्धं लिहून झाल्यावर आठवलं.

वायरबुवाने विचारलं, वहिनींना कधी आणताय, साहेब.

मॅडमकडे धावलो. कबूल आहे म्हटलं, तुमचं सगळं कबूल, बाहेरून माणसं आणा, मशीन फोडा. त्यांनी शांतपणे विचारलं, कसलं कबूल? आपलं असं काही बोलणं झालेलं नाही. कपाट पहिल्या जागी होतं.

तीन पन्नास. चारनंतर मलाही आठवणार नाही. मी चार तारखेचा माणूस होईन. रेडिओ लावीन, टेबल पुसीन, पत्र टाकीन. वहीतलं अजून पुसलं गेलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. पंधरा तारखेला माझी किल्ली चालत होती. ही वर होती. मॅडम म्हणाल्या, आजच साचा काढा, साधा तयार साचा चढवू, कराराच्या पैशांवर आणखी देते, नावही तुमचंच राहू दे. तयार शर्ट मी घालत नाही, असं म्हणून उठलो. रक्कम त्यांनी कागदावर लिहून पुढे सरकवली होती. साडेचार लाख. मी नको म्ह—