कोऱ्या राहिलेल्या दिवसांबद्दल

मी, सौ. सुगंधा गुणाजी राऊळ, वय ७१, राहणार भांडुप, हा कागद स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मन ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर राहावं म्हणून एके काळी बरंच लिहिलं, त्याचाच निकाल इथे लावायचा आहे.

१. राहती खोली आणि पतपेढीतली ठेव माझे यजमान गुणाजी यांना. यांच्यामागे दोन्ही माझी मुलगी सौ. प्रांजल, राहणार मुलुंड, हिला.

२. शिलाई मशीन शेजारच्या अक्षताला. माझ्या भावाला काही नाही. का नाही, ते त्याला कळेल.

३. माझ्या अकरा वह्या. शेजारच्या पोरांच्या शाळेच्या वह्यांची उरलेली पानं दाभणाने शिवून मी त्या केल्या. गिरणी बंद पडल्यावर हे दारूला लागले. रात्री मार खायचा, सकाळी लिहायचं आणि कामाला जायचं. लिहिलं नसतं तर मला वेड लागलं असतं. १९९८ साली यांनी दारू सोडली. त्यानंतर एकही वही नाही.

२०१२ साली, लग्नाच्या महिनाभर आधी, प्रांजलच्या हाती त्यातली एक लागली. तिने बापाशी बोलणं टाकलं. कन्यादान माझ्या भावाने मिरवत केलं. हे मागच्या खुर्चीवर बसून होते. मी गप्प राहिले. खरं सांगते, कोणीतरी माझ्या बाजूने उभं राहिलं याचं मला बरं वाटलं. ती चूक माझी आहे.

इथे कायद्याची भाषा सोडते. प्रांजल, लिहिलंय त्यातला शब्दही खोटा नाही. मारलं ते मारलंच. पण मी वही वाईट दिवशीच उघडायचे. तू अडीच वर्षांची असताना तुझा पाय मोडला, तेव्हा मी शिवणकामाला जायचे. दीड महिना यांनी थेंबाला हात लावला नाही. मरोळला वॉचमनच्या ड्युटीवरही 'माझा चेडू' म्हणत तुला कडेवर घेऊन जायचे. त्या दीड महिन्याचं एक अक्षर कुठे सापडणार नाही. तेव्हा मला लिहायची गरजच पडली नाही गं.

४. तेरा वर्षं तू मला मुलुंडला बोलावतेस, पण इथे पाऊल ठेवत नाहीस. म्हणून अट घालते. वह्या तुझ्या, पण त्या इथे येऊन, यांच्या हातून घ्यायच्या. माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव.

नातेवाईक म्हणतात, पोरीने उगाच बापाला टाकलं. गेल्या महिन्यात अकराही वह्या मी यांना वाचून दाखवल्या. चार दिवस लागले. मान खाली घालून सगळं ऐकलं. शेवटी मी विचारलं, जाळून टाकू का? तर म्हणाले, "तू लिवलंस ता खरा हा. जाळू नको गो. आपला चेडू खोटा पडात."

वाचून, समजून सही केली.
सौ. सुगंधा गुणाजी राऊळ

आम्हा दोघांसमोर सही झाली :
१. सुलक्षणा परब
२. सुयोग धुरी

भांडुप, १६ नोव्हेंबर २०२५