अकरावी एरर

२७ सप्टेंबर १९८७, रविवार

बेसबॉलमधला जगातला सर्वांत मोठा शॉर्टस्टॉप कोण, या वादात आज माझ्या दोन पोळ्या करपल्या!

बापलेक टेबलावर समोरासमोर. पुरुषोत्तमांचं म्हणणं, होनस वॅग्नर. पिट्सबर्गचा, ऐंशी वर्षांपूर्वीचा. यांनी त्याला खेळताना पाहिलं का? कसं पाहणार! पिट्सबर्गला एम.एस. करताना त्याचा पुतळा पाहिला, तेवढ्या पुंजीवर वीस वर्षं भक्ती चालू आहे. सुमेधाचा देव निदान जिवंत आहे. ऑझी स्मिथ, सेंट लुईसचा. त्याच्याकडे गेलेला बॉल पुढे जात नाही आणि लहर आली तर तो मैदानात येताना कोलांटी मारतो. आमचं अख्खं फ्रीमाँट गाव सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमच्या बाजूचं, आमची ही एकटी सेंट लुईसची लाल टोपीवाली.

नागपूरला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मर्चंट मोठा की गावसकर यावर चहा गार व्हायचा, ते आठवलं. समुद्र ओलांडला तरी पुरुषांचे वाद तेच. इथे त्यात एक मुलगीही आहे, एवढीच प्रगती.

मी विचारलं, हा माणूस उभा कुठे राहतो? दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. मग त्याची बेस कोणती? त्याला बेस नसते.

"अरेरे. म्हणजे माझ्यासारखाच," मी म्हटलं. थट्टेनेच म्हटलं. पण पुरुषोत्तम एकदम वरणाकडे बघायला लागले.

"पण मालिनी मावशी," सुमेधा म्हणाली, "सगळ्यात जास्त ग्राउंड तोच कव्हर करतो."

मावशी. विमानतळावर ठरलं ते. सदतिसाव्या वर्षी लग्न केल्याचा फायदा — नवरा, घर, बारा वर्षांची मुलगी, सगळं तयार मिळालं. आठ महिने झाले. मुलगी अजून मोजूनमापून बोलते.

२९ सप्टेंबर

नागपूरहून शाळेचं पत्र. टपाल सुमेधानेच आत आणून दिलं.

लेटरहेडवर, इंग्रजीत, मुख्याध्यापिका दाणीबाईंची ती लफ्फेदार सही. बिनपगारी रजा ३१ ऑक्टोबरला संपते. पुढे वाढणार नाही. दिवाळीनंतर रुजू व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. खाली मराठीत पेनने — 'नववी ब तुझी वाट पाहते आहे.'

राजीनामा न देता रजा घेऊन आले, हे या घरात कुणाला ठाऊक नाही. लग्न केलं आणि परतीचं दार किलकिलं ठेवलं. लबाडीच ती. पण पंधरा वर्षं मी त्या शाळेत भूगोल शिकवला. तिथे वर्गात शिरले की पन्नास मुली उभ्या राहायच्या. इथे मी खोलीत शिरले की एक मुलगी उठून वर जाते.

पत्र ॲटलासात ठेवलं, महाराष्ट्राच्या पानावर. त्या पानाशी या घरात दुसऱ्या कुणाला काय काम!

पत्र पोचायला दहा दिवस धरले तर वीस तारखेपर्यंत ठरवायला हवं.

३० सप्टेंबर

क्युपर्टिनोहून मीनाक्षीचा फोन. प्रतिमाची, म्हणजे सुमेधाच्या आईची, जिवलग मैत्रीण. प्रतिमाची अळूवडी कशी व्हायची, हे पाचव्यांदा सांगितलं. मी म्हटलं, माझी उलगडते. पलीकडून समाधानाचा हुंकार.

१ ऑक्टोबर

सुमेधा संध्याकाळभर ॲटलास घेऊन बसली होती. सोशल स्टडीज म्हणे. भूगोलाला या घरात एक तरी गिऱ्हाईक मिळालं! नंतर उघडून पाहिलं, पत्र जिथल्या तिथे होतं.

२ ऑक्टोबर, दसरा

काय करून बसले मी.

सकाळी हौसेने अवजारांची पूजा मांडली. पुरुषोत्तमांची जुनी स्लाइडरूल, शिवणाचं मशीन, विळी, माझा ॲटलास. वाटलं, पोरीचं शस्त्रही हवं. तिच्या कॉटवरून बॉल अडवायचा ग्लोव्ह आणला. मनगटाच्या पट्टीवर बॉलपेनने मराठीत 'सुमेधा' लिहिलेलं दिसलं. वहीच्या पहिल्या पानावर लावतो तसं नेमकं तिथेच ओलं हळदकुंकू लावलं. वर झेंडूचं फूल.

चामडं तेल पाजून मऊ केलेलं. कुंकू आत मुरलं आणि पसरलं. दुपारी ती शाळेतून आली तेव्हा अक्षरांत 'सु' तेवढा शिल्लक होता.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ग्लोव्ह पोटाशी धरून वर गेली.

मग पुरुषोत्तमांनी सांगितलं. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत प्रतिमाने तो आणवला होता, मुद्दाम मोठ्या मापाचा. तीन वर्षांनी बसेल म्हणाली होती. या उन्हाळ्यात बसला. नाव तिच्या हातचं.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, विषय कसा काढावा कळेना. चिप डिझाइन करणारा माणूस! आठ महिन्यांत एक वाक्य जमलं नाही.

३ ऑक्टोबर

चामडं धुवायच्या साबणाने पुसून पाहिलं. डाग वाढला. आता हात लावणार नाही.

४ ऑक्टोबर

आज चोरी केली. ओटा पुसताना सुमेधाची शॉर्टस्टॉपची वही हाती आली. वॅग्नर, अपॅरिसिओ, रिपकेन, स्मिथ, एकेकाला पान आणि पट्टीने आखलेले रकाने. अक्षर सुंदर. तिथेच थांबायला हवं होतं.

शेवटच्या पानावर दोनच रकाने. 'मॉम' आणि 'एम. एम.' मालिनी मावशी, दुसरं कोण!

पोळी — मॉम नऊ, मी चार. (करपलेल्या धरल्या असणार.) वेणी — नऊ, सात. गणित — सहा, आठ! भूगोलाचा रकानाच नाही, हा पक्षपात आहे. सगळ्यांत खाली 'एरर', म्हणजे सुटलेल्या बॉलची चूक. मॉमच्या खाली कोरं. माझ्या खाली अकरा रेघा. दहा पेन्सिलीच्या, अकरावी लाल शाईची. ग्लोव्हची, हे सांगायला ज्योतिषी नको.

इतका वेळ हसत होते. मग ओट्याला टेकून रडले. जी गेली तिच्या नावावर चूक लागणार कशी? तिच्याशी मी कुठल्या मैदानावर खेळायचं?

रात्रीच्या स्वयंपाकाला पिठलं. दाणीबाईंना काय लिहायचं ते जवळजवळ ठरलं आहे.

९ ऑक्टोबर

सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस आमनेसामने आलेत! रस्त्यातल्या प्रत्येक घरात एक पक्ष, आमच्या सोफ्यावर दुसरा. मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसते. कुणी ऊठ म्हणत नाही.

१३ ऑक्टोबर

मॅच बघता बघता मीच वॅग्नरचा विषय काढला. म्हटलं, तुझ्या वहीत (जीभ चावली!) — म्हणजे कुठल्याशा पुस्तकात पाहिलं, त्याच्या नावावर एरर फार आहेत. मग तो मोठा कसा?

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग टीव्हीचा आवाज कमी केला. पुरुषोत्तम कान टवकारून. यांच्या देवाची बाजू आज शत्रूच्या वकिलाने घेतली!

ती सांगत गेली, तेव्हाचे ग्लोव्ह म्हणजे फडक्याची घडी. मैदानात खडे. खड्यावर आपटून बॉल भलतीकडे उडाला तर त्याला बॅड हॉप म्हणतात. त्याची एरर धरायची नसते, तो मारणाऱ्याच्या नावावर हिट. वॅग्नर एकोणतिसाव्या वर्षापर्यंत कुठेकुठे खेळला आणि मग शॉर्टस्टॉपला कायमचा आला. आणि मुख्य म्हणजे —

"जो बॉलपर्यंत पोचतच नाही ना, त्याला एरर मिळतच नाही. वॅग्नर सगळीकडे पोचायचा. सो ऑफ कोर्स एरर होणार."

असं म्हणाली आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. मीही शेंगा सोलत राहिले. एकही खाल्ली नाही.

१४ ऑक्टोबर

सेंट लुईस जिंकलं. लाल टोपी घरभर नाचली. नाचता नाचता मला एक टाळी देऊन गेली. बहुधा चुकून.

१७ ऑक्टोबर, शनिवार

आज सुमेधाची मॅच. डागाळलेला ग्लोव्ह हातात. दुसरा घेऊ म्हटलं होतं बापाने, तिने नाही म्हटलं. मी आपली थर्मास धरून बसलेली.

चौथ्या इनिंगला जोराचा बॉल तिच्याकडे आला. पोरगी बरोबर वाकली, बॉल खड्यावर आपटला आणि खांद्यावरून मागे गेला. समोरच्या टीमच्या दोन मुलींनी धाव पूर्ण केली. शेजारी स्कोअर लिहिणारी डेबी, कुणाचीशी आई, तिने शांतपणे एरर लिहिली.

मला काय झालं कोण जाणे. उठलेच. म्हटलं, "धिस इज बॅड हॉप. नॉट हर एरर." ती हसली. म्हणाली, मुलांचीच तर मॅच आहे. मी म्हटलं, आय ॲम जिऑग्राफी टीचर, आय नो ग्राउंड! इनिंग संपल्यावर डेबीला मैदानात नेलं आणि साडी सावरत खडा शोधून तिच्या तळहातावर ठेवला. तिने खोडलं. हिट लिहिलं. पुरुषोत्तम तोवर पार्किंगच्या दिशेने बघत होते, जणू आमची ओळखच नाही.

सुमेधाने डगआउटमधून सगळं पाहिलं. घरी येताना गाडीत कपाळाला हात लावून बसली होती. "ओ माय गॉड, मावशी." पुन्हा दहा मिनिटांनी, "ओ माय गॉड."

पण 'मालिनी' गळलं होतं.

१९ ऑक्टोबर

राजीनामा लिहिला. फाडला. 'रुजू होते' असंही लिहून पाहिलं. तेही फाडलं. एका टाळीवर आणि एका गळलेल्या शब्दावर पंधरा वर्षांची नोकरी सोडायची? इतकी मूर्ख मी कधीपासून झाले? उद्या शेवटचा दिवस.

२० ऑक्टोबर

सकाळी वही ओट्यावर उघडी ठेवलेली होती, शेवटचं पान. मुलगी शाळेला गेलेली.

प्रत्येक एररपुढे आता कारण लिहिलंय. पहिली, 'माझी टोपी मशीनमध्ये धुतली.' चौथी, 'पिआनो टीचरला आंटी म्हणाली.' मॉमच्या रकान्यातही पाच रेघा आल्यात, कारणांसकट. एक तर अळूवडीची आहे.

ग्लोव्ह यादीत नाही. खाली वेगळं लिहिलंय, 'कुंकू: बॅड हॉप.'

लाल शाईची अकरावी — '१ ऑक्टोबर. नागपूरचं लेटर. मला सांगितलं नाही. ती पण जाणार.'

राजीनामा पुन्हा लिहिला आणि पोस्टात टाकून आले. अकरावी रेघ तशीच राहू दे, ती एरर माझीच आहे.